फ्लेक्स ट्रॅक, खडी आणि स्टॅटिक ग्रास: बरेच महिने गाड्या पळवल्यावर

मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर ट्रॅक टाकून, खडी भरून, गवत लावून आता बरेच महिने झालेत आणि गाड्या जवळजवळ रोज पळतायत, त्यामुळे आता खात्रीने लिहिता येईल. पहिल्या आठवड्यात सगळंच छान दिसतं हो, फोटो पण मस्त येतात. खरं काय ते हवा दमट-कोरडी होऊन गेली, धूळ बसली, पॉइंट (गाडीचा रूळ बदलणारे सांधे) सतत इकडून तिकडे झाले की मग कळतं. माझं मत आधीच सांगून टाकतो, ट्रॅक भारी, गवत भारी, पण सगळा खेळ गोंदाचा आहे आणि नेमकं त्याच्याबद्दलच कोणी फारसं बोलत नाही.

स्केल एचओ, म्हणजे १:८७, खऱ्याच्या ८७ पट लहान, गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६.५ मिमी. ट्रॅक पेको कंपनीचा कोड ७५ फ्लेक्स, म्हणजे हवा तसा वाकवता येणारा, ९१४ मिमीचे तुकडे. कोड म्हणजे रुळाची उंची इंचाच्या हजाराव्या भागात, त्यामुळे कोड १०० पेक्षा ७५ बारीक आणि डोळ्याला जास्त खरा वाटतो. फक्त जुन्या डब्यांची चाकं खोल फ्लँजची (चाकाच्या आतल्या कडेची) असतील तर गुपचूप कोड १०० घ्या, नाहीतर चाकं आतल्या खुंट्यांवर घासत जातात. खाली आवाज दाबायला कॉर्क, त्याखाली प्लायवूडचा बेसबोर्ड.

रूळ उन्हाने वाढतात म्हणून जॉइंटला फट ठेवा असं सगळे सांगतात, फट ठेवायचीच, पण कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं. मीटरभर रूळ १० अंश तापमान वाढलं तरी पाव मिमीपेक्षा कमी वाढतो. खरं हलतं ते खालचं लाकूड, दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, आणि रूळ आहे तिथेच राहतो. बेसबोर्डला खालून आणि कडांना पण रंग मारून घेतला होता त्याचा फार उपयोग झाला, सरळ भागातल्या फटी थोड्या कमीजास्त झाल्या पण ट्रॅक कुठेच उचलला गेला नाही. वळणावर मात्र फट नको, दोन तुकडे सरळ असतानाच सोल्डर करून मग वाकवायचे, म्हणजे जॉइंटला कोन येत नाही.

वायरिंगचं पटकन सांगतो. प्रत्येक तुकड्याला स्वतःची फीडर वायर, म्हणजे रुळाला करंट देणारी वायर, द्या, जॉइनरच्या (दोन रूळ जोडणाऱ्या पत्र्याच्या क्लिपच्या) भरवशावर करंट सोडू नका. आपण खडीच्या आधी रुळाच्या बाजूंना गंजाचा रंग मारतो, मग वरून पातळ गोंद सोडतो, हे सगळं जॉइनरमध्ये झिरपतं आणि काही महिन्यांनी इंजिन तिथे अडखळायला लागतं. माझ्याकडे फीडर सगळीकडे आहेत, एकदाही अडखळलं नाही.

आता खडी. खऱ्या रुळाखालची खडी साधारण ३० ते ६० मिमीची धरली तर ८७ ने भागून अर्ध्या मिमीच्या आसपास येते, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, दाणा बघून घ्या. मी खऱ्या दगडाचीच वापरली, अक्रोडाच्या टरफलाची हलकी असते आणि गोंद सोडला की तरंगते. आणि पाकिटातून लोहचुंबक फिरवून बघा, चिकटणारे दाणे असतील तर ती खडी नकोच, इंजिनाच्या मोटरला जाऊन बसतात. मऊ ब्रशने दाणे स्लीपरच्या मध्ये सारायचे, मग ब्रशच्या दांड्याने रुळावर हलकं टकटक करायचं, स्लीपरवर बसलेले दाणे आपोआप खाली उतरतात. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बारीक फवारा आणि ड्रॉपरने थेंब थेंब गोंद. नीट भिजलं असेल तर थेंब दाण्यांवर गोळा होऊन न बसता सरसर आत पसरताना दिसतो, तसं दिसलं नाही तर थांबून पुन्हा फवारा मारा.

गोंद मी मुद्दाम दोन प्रकारे वापरून बघितला. एका बाजूला नेहमीचा पीव्हीए, म्हणजे लाकडाचा पांढरा गोंद, पाणी अर्धं अर्धं, दुसऱ्या बाजूला पातळ केलेला लॅटेक्सचा गोंद. फरक ऐकू येतो! पीव्हीए वाळून इतका कडक होतो की कॉर्क असून नसल्यासारखा, आवाज खडीतून थेट प्लायवूडमध्ये जातो आणि बोर्ड ढोलासारखा वाजतो. लॅटेक्स लवचिक राहतो, तिकडे फक्त चाकांचा आवाज येतो, आणि इतक्या महिन्यांनंतरही तसंच आहे. पीव्हीएची जमेची बाजू एकच पण मोठी, पाणी मारून भिजत ठेवलं की ट्रॅक परत न मोडता उचलता येतो. म्हणून यार्डात, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या भागात, जिथे अजून बदल होणार, तिथे पीव्हीए आणि मेन लाइनला लॅटेक्स, हे माझं आता पक्कं झालंय.

पॉइंटच्या हलत्या पट्ट्यांखाली खडी जवळजवळ नकोच, गडद रंग आणि चार दाणे पुरेत, पट्ट्यांना तेलाचा एक टिपूस लावून मगच आसपास गोंद. सगळे पॉइंट आजही मोकळे फिरतायत.

गवतासाठी स्टॅटिक ग्रासच घ्या. आधी तपकिरी रंग, त्यावर चाळलेली बारीक माती, मग गोंद लावून त्यात टाचणी टोचायची, ॲप्लिकेटरची (तंतूंना विजेचा भार देणाऱ्या हातातल्या यंत्राची) क्लिप तिला लावायची आणि वरून नायलॉनचे तंतू पाडायचे, विजेच्या भारामुळे एकेक तंतू उभा राहतो, बघतच राहावं असं वाटतं. दमट दिवशी तंतूंच्या गुठळ्या होतात, त्या दिवशी हे काम नको. लांबीचा हिशोब करा, ४ मिमी म्हणजे एचओमध्ये जवळजवळ ३५ सेंमी उंच गवत, रुळाला लागून ते शोभत नाही, तिथे २ मिमी आणि मागे उतारावर ४. रंग दोन-तीन मिसळा. तंतू अजून उभेच आहेत, खिडकीतून ऊन येतं त्या कोपऱ्यात तेवढा हिरवा फिका पडलाय. सुटे तंतू मात्र इंजिनाच्या गिअरमध्ये गुंडाळले जातात, त्यामुळे गाडी सोडायच्या आधी व्हॅक्यूमच्या तोंडाला मोजा बांधून सगळं ओढून घ्या, मोज्यात जमलेले तंतू परत वापरता येतात.

एचओपेक्षा लहान अशा एन स्केलवाल्यांनी खडी याहून बारीक घ्यावी आणि गवत २ मिमीच्या वर जाऊच नये, १:१६० ला तेच ३२ सेंमी होतं.