बिनशब्दांचं पुस्तक: वर्षभर संडे स्कूलमध्ये वापरल्यावर

मागच्या उन्हाळ्यात पुण्यातल्या एका ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानातून ‘बिनशब्दांच्या पुस्तका’च्या १५ प्रती आणल्या. एक २० रुपयांना. अहिल्यानगरच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी २३ वर्षं संडे स्कूल घेते. सध्या वर्गात ७ ते ११ वयाची १४ मुलं आहेत. ‘साक्ष द्या’, म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल इतरांना सांगा, असं आपण मुलांना वेदीवरून सांगतो, पण शेजारच्या मैत्रिणीनं “तुमचा येशू म्हणजे कोण गं?” असं विचारलं की आपलं पोर एकतर गप्प बसतं, नाहीतर पाठ केलेलं सुवर्णवचन (बायबलमधलं वचन) एका दमात म्हणून मोकळं होतं. दोन्हीनं विचारणारीच्या हाती काही लागत नाही. म्हणून हे पुस्तक घेतलं.

पुस्तक तळहातावर मावतं. आत एकही अक्षर नाही, चित्र नाही, नुसते रंग: सोनेरी, काळा, लाल, पांढरा आणि मुखपृष्ठाला हिरवा. सोनेरी म्हणजे देव आणि त्याचं घर, काळा म्हणजे पाप, लाल म्हणजे प्रभूचं रक्त, पांढरा म्हणजे धुतलेलं मन आणि हिरवा म्हणजे विश्वासात वाढणं. वाचायला काही नसल्यामुळे मुलाला बोलावंच लागतं, आणि तेही स्वतःच्या शब्दांत. ज्याला अजून धड जोडाक्षरं येत नाहीत तोही वर्गात उभा राहून पाच पानं सांगतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं. एवढ्यासाठीसुद्धा हे २० रुपये मला सार्थकी लागले असं वाटतं.

पण काळ्या पानाबद्दल मला स्पष्ट लिहायचं आहे. पहिल्याच रविवारी मी छापील मार्गदर्शिकेप्रमाणे ते पान उघडून म्हटलं, “हा काळा रंग, हे आपलं पाप.” सतरंजीवर पुढेच बसलेल्या तिसरीतल्या एका मुलानं आपला हात त्या पानाला लावून पाहिला. हाताची मागची बाजू, पान, पुन्हा हात. मग हळूच म्हणाला, “बाई, माझ्यासारखंच आहे.” मी पुस्तक मिटलं. त्या दिवशी पुढचं काही शिकवलं नाही, त्याला जवळ घेऊन बसले.

ज्या मुलाचे आजोबा पेरणीआधी ‘काळी आई’ म्हणून जमिनीला हात लावतात, त्याला काळा म्हणजे वाईट असं मी कोणत्या तोंडानं सांगणार होते? पुढच्या रविवारी मी त्या पानाचं नाव ‘अंधार’ केलं. “रात्री लाइट गेल्यावर काय होतं?” असं विचारलं. कोणी म्हणालं भीती वाटते, कोणी म्हणालं पाय खुर्चीला आपटतो, एकीनं सांगितलं की अंधारात भावाचा लाडू खाल्ला. पाप म्हणजे काय ते मला आणखी समजवावं लागलं नाही. हे पुस्तक घेणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला माझी विनंती आहे, काळा हा शब्द वर्गात वापरू नका.

पानांचा क्रमही बदला. आमच्या मार्गदर्शिकेत सुरुवातच काळ्या पानापासून आहे. ती जुन्या रिवाजाची खूण आहे. लंडनमध्ये प्रसिद्ध उपदेशक चार्ल्स स्पर्जन यांनी जानेवारी १८६६ मध्ये या पुस्तकावर उपदेश केला, तेव्हा त्याला तीनच पानं होती: काळं, लाल, पांढरं. त्या उपदेशाचा आधार होता बायबलमधल्या ५१व्या स्तोत्रातली दावीद राजाची विनवणी, मला धू म्हणजे मी बर्फाहून शुभ्र होईन. सोनेरी पान १८७५ मध्ये अमेरिकन सुवार्तिक डी. एल. मूडी यांनी जोडलं, हिरवं त्याच्याही नंतर आलं. मी सोनेरीपासून सुरू करते. ‘देवानं तुला घडवलं, तू त्याला आवडतोस’ हे आधी कानावर पडू दे, अंधाराची गोष्ट मग.

मार्गदर्शिकेची भाषा निराशा करते. ‘नीतिमान ठरवणे’, ‘पापक्षमेची प्राप्ती’ हे आठ वर्षांच्या मुलाच्या तोंडचे शब्द नाहीत. इंग्रजीवरून शब्दाला शब्द ठेवलेला दिसतो. मी तो कागद बाजूला काढला आणि मुलांनाच एकेका पानाला एकेक वाक्य करायला लावलं. लाल पानाला एका मुलीनं म्हटलं, “माझी शिक्षा त्यानं घेतली.” यापेक्षा नेमकं मला सुचलं नसतं.

सोनेरी पान खरं तर पिवळंच छापलंय, चकाकी नाही. त्यावरून जे घडलं त्यातून मी फार शिकले. वर्गातल्या एका मुलीनं आईला विचारून पुस्तक खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीला दाखवलं. ती लगेच म्हणाली, “हा तर भंडारा!” त्यांचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. आमची मुलगी गोंधळून माझ्याकडे आली, “बाई, मी काय म्हणायला हवं होतं?” मी म्हटलं, आधी तिला भंडाऱ्याबद्दल विचार. ती काय सांगते ते नीट ऐक. मग तिनं विचारलं तर तुझं सांग. बायबलमध्ये पेत्राच्या पहिल्या पत्रात ३:१५ मध्ये विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा म्हटलंय, आणि ते सौम्यतेनं द्या असंही म्हटलंय. ‘विचारणाऱ्याला’ हा शब्द आपण मुलांना शिकवताना फार वेळा गाळतो.

तिनं ऐकलं. जेजुरीच्या पायऱ्या, येळकोट, उधळण, सगळं. मग मैत्रिणीनं पाचही पानं बसून ऐकली. नाताळला फराळाचं ताट घेऊन आमची मुलगी खाली गेली, तेव्हा ती मैत्रीण आपल्या आईला एकेक रंग समजावून सांगत होती. पुस्तकाच्या पिवळ्या पानावर आता भंडाऱ्याचं एक बोट उमटलंय, रंग जुळतो का ते पाहताना लागलेलं. मी रोज रात्री दोघींची नावं घेऊन प्रार्थना करते.

आमच्या वर्गात हे पुस्तक शाळेच्या दप्तरात जात नाही. कोणाच्या देवाला नावं ठेवायची नाहीत, आणि मोठ्यांना न विचारता कोणाच्या मुलाला वर्गाला आणायचं नाही. पालकांना हे मी पहिल्याच दिवशी घरी जाऊन सांगितलं होतं, त्यामुळे वर्षभरात एकही कटू शब्द ऐकावा लागला नाही.

बांधणी कच्ची आहे. पिन एकच, पावसाळ्यात गंजली आणि सहा पुस्तकांची पानं सुटली. लाल रंग ओल्या बोटाला लागतो, आणि शेजारीच पांढरं पान असल्यानं ते लगेच खराब होतं. पिना काढून मी जाड पांढऱ्या दोऱ्यानं शिवून घेतली, मुलींनी मदत केली, तासाभरात झालं. सोबत पाच रंगांच्या मण्यांची माळही ३० रुपयांना मिळत होती. ती घेऊ नका, मुलं नुसती मिरवतात, बोलत कोणी नाही. नाताळच्या आधी पुस्तकाच्या आणखी १० प्रती मागवणार आहे, दोरा आणि दाभण आधीच आणून ठेवलंय.