कार्ड खरं, शिक्का खोटा

पोकेमॉन या जपानी खेळाच्या पहिल्या इंग्रजी संचातलं ‘फर्स्ट एडिशन’, म्हणजे पहिल्या छपाईचं, कार्ड कुणी तुम्हाला विकायला आणलं, तर पैसे पाठवण्याआधी चित्राच्या चौकटीची उजवी कड बघा. तिथे बारीक सावली असेल आणि चित्राखाली डावीकडे १ च्या आकड्याचा काळा शिक्काही असेल, तर ते कार्ड घेऊ नका. याला एक अपवाद आहे, आणि मला ज्याने पंचावन्न हजारांना गंडवलं त्याने नेमका तो अपवादच वापरला.

थोडी माहिती आधी द्यावी लागेल, नाहीतर डाव कळायचा नाही. पोकेमॉनची कार्डं जपानमध्ये १९९६ साली निघाली. इंग्रजीत ती विझार्ड्स ऑफ द कोस्ट या अमेरिकन कंपनीने १९९९ मध्ये आणली. पहिला संच १०२ कार्डांचा. त्याच्या अगदी पहिल्या छपाईवर तो काळा शिक्का होता, नंतरच्या छपाईत काढला. मग मांडणीत थोडा बदल झाला आणि चित्राच्या चौकटीला सावली आली. म्हणजे त्या संचात शिक्क्याच्या कार्डाला सावली नसते आणि सावलीच्या कार्डाला शिक्का नसतो. अपवाद फक्त मॅचँप या पात्राच्या कार्डाचा. हे कार्ड दोन खेळाडूंच्या स्टार्टर संचात यायचं आणि पुढच्या छपायांतही त्याच्यावरचा शिक्का तसाच राहिला. त्यामुळे शिक्का आणि सावली दोन्ही असलेले मॅचँप ढिगाने आहेत. खरे आहेत, आणि म्हणूनच स्वस्तही आहेत.

पणजीत एका कॅफेत रविवारी संध्याकाळी कार्डं खेळणारी पोरं जमतात. मी फोंड्याहून भाच्याला घेऊन जायचो. तिथे हा गृहस्थ भेटला. तिशीचा, बोलायला गोड, मडगावकडचा. पोरांना दुहेरी आलेली कार्डं फुकट वाटायचा, त्यामुळे सगळ्यांचा लाडका. मला ‘दादा’ म्हणायचा. पहिल्यांदा त्याने मला एक मॅचँप विकला, चार हजारांना. शिक्का दाखवला, भिंगही दिलं, ‘खात्री करून घ्या’ म्हणाला. मी घरी येऊन तासभर इंटरनेटवर शोधलं. कार्ड अस्सल होतं. पुढे पावसाळा सरता सरता त्याचा फोन आला, मॅचँपला गिऱ्हाईक आहे, देता का? पाच हजार दोनशे रुपये त्याने माझ्यासमोर यूपीआयने टाकले.

आता यात त्याने काय काय साधलं बघा. मला नफा दाखवला, हे तर कुठलाही भामटा करतो. पण त्याहून हुशारीचं काम म्हणजे त्याने माझ्या नजरेला चुकीचं वळण लावलं. अस्सल फर्स्ट एडिशन म्हणून मी जे एकमेव कार्ड हातात धरलं होतं, त्याला सावली होती. पुढच्या कार्डालाही सावली दिसली तेव्हा ती मला खटकण्याऐवजी ओळखीची वाटली. बाराशे रुपये हा त्या शिकवणीचा खर्च, आणि तो त्याने स्वतःच्या खिशातून केला.

पुढचं कार्ड ब्लास्टॉइज, क्रमांक २/१०२, शिक्क्यासह, पीएसएच्या प्लास्टिकच्या पेटीत बंद, ग्रेड ६. पीएसए ही अमेरिकेतली कार्ड तपासणारी संस्था. कार्ड अस्सल आहे का, कोपरे किती झिजलेत, छपाई मधोमध आहे का हे बघून ती १ ते १० ग्रेड देते आणि कार्ड कडक पेटीत कायमचं बंद करते. या पेटीला सगळे ‘स्लॅब’ म्हणतात. स्लॅबवर एक क्रमांक असतो, तो पीएसएच्या साइटवर टाकला की नोंद दिसते. मी टाकला. ब्लास्टॉइज, फर्स्ट एडिशन, ६. सगळं जुळलं. जुळणारच होतं, कारण तो क्रमांक जगात कुठेतरी असलेल्या खऱ्या स्लॅबचा होता. नकली स्लॅब बनवणारे असेच क्रमांक उचलतात, शक्यतो जुने, कारण अनेक जुन्या नोंदींना कार्डाचा फोटोच नसतो.

मी कार्डाकडे निरखून बघत होतो तेव्हा तो हसून म्हणाला, “दादा, कार्ड काय बघताय, ग्रेड बघा. भाव ग्रेडचा असतो.” हे वाक्य मला अजून आठवतं, कारण त्याचा सगळा धंदा त्यात आला. संग्राहकांत उलटं सांगतात, की कार्ड बघून घे, लेबल बघून नको. मी संग्राहक म्हणून घेतच नव्हतो. मुदत ठेवीला सात टक्के आणि याला दोन वर्षांत दुप्पट, एवढाच हिशोब होता. ब्लास्टॉइज हे कासव आहे की बेडूक, याच्याशीही मला फारसं देणंघेणं नव्हतं.

पैसे त्याने एका तिसऱ्याच माणसाच्या यूपीआयवर घेतले. ‘कार्ड मित्राचं आहे, मी फक्त मध्ये.’ हेही लक्षात ठेवा.

कार्ड नकली आहे हे ओळखलं ते डिचोलीच्या भाईंनी. भाई आमच्या आत्तेचे दीर, वय ऐंशीच्या पुढे, पोर्तुगीज इंडियाची, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतल्या गोव्याची, टपाल तिकिटं जमवतात. पोकेमॉन हा शब्द त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला असावा. चतुर्थीला गेलो होतो, गप्पांच्या ओघात मी स्लॅब दाखवला, थोडा मिरवायला म्हणूनच. त्यांनी विचारलं, “ह्यात महाग काय?” मी शिक्क्यावर बोट ठेवलं. “म्हणजे शिक्का नसलेलं स्वस्त आणि असलेलं महाग?” हो म्हटल्यावर ते उठले, भिंग आणि छोटी बॅटरी घेऊन आले.

भाईंना एवढंच पुरेसं होतं, त्याला कारण आहे. १८८१-८२ मध्ये गोव्यातलं चलन बदललं. जुने रेईस सरून तांगा-रुपियाचा नवा हिशोब आला, आणि हाती असलेल्या जुन्या तिकिटांवर नव्या किमतीचे छाप मारून ती चालवली गेली. या छापांचे प्रकार इतके की त्यांवर माणसं आयुष्य घालवतात. आणि जिथे एका छापाने तिकिटाची किंमत पन्नास पटीने वाढते, तिथे छाप मारणारे घरगुती कारागीर तयार होतातच. भाईंनी तरुणपणापासून खऱ्या तिकिटावरचे खोटे छाप बघितलेत. दोन-चार मुद्दाम विकतही घेतलेत, शेजारी ठेवून बघायला.

बॅटरी त्यांनी तिरपी धरली. कार्डाचं चित्र भिंगाखाली ठिपक्या-ठिपक्यांच्या फुलांसारखं दिसतं, ते इथेही तसंच होतं. कार्ड अस्सलच. पण शिक्क्याची शाई कार्डाच्या चकाकीच्या वर बसली होती. उजेड फिरवला की तेवढाच भाग मंद दिसायचा, आणि १ च्या आकड्याची कड शाई पसरल्यासारखी फुगलेली. मग त्यांनी स्लॅबची कड बघायला सांगितलं. खऱ्या स्लॅबचे दोन भाग ध्वनिलहरींनी वितळवून जोडलेले असतात. माझ्या स्लॅबच्या खालच्या कोपऱ्यात गोंदाचे दोन बारीक बुडबुडे होते. म्हणजे नंतरच्या छपाईचं साधं ब्लास्टॉइज, त्यावर घरी मारलेला शिक्का, वर चिनी की कुठली ती नकली पेटी. भाई म्हणाले, “बाबा, कागद खरा, छाप खोटी. आमच्याकडे दीडशे वर्षं चाललंय हे.”

सावलीचा नियम मला त्या रात्री सापडला. कार्डाच्या तळाशी स्वामित्वहक्काची ओळ असते, तीही बघायची. शिक्क्याच्या कार्डावर निन्टेंडोच्या नावाआधी साल ९९ पर्यंत येतं, सावलीच्या साध्या छपाईत ९८ वर थांबतं. माझ्या ब्लास्टॉइजवर ९८ होतं. ही तपासणी करायला भिंगही लागत नाही.

आता दुसरी बाजू, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. त्या गृहस्थाने पुढे ‘सील्ड बॉक्स’चा गट काढला. दहा-बारा जणांनी पैसे घालायचे, नव्या संचांचे न फोडलेले बॉक्स घ्यायचे, तीन वर्षं ठेवायचे. माझ्या ओळखीतल्या दोघांनी घातले. युक्तिवाद असा, की जुने बॉक्स लाखोंना जातात, मग हेही जातील. जुनी कार्डं महाग झाली कारण ती कुणी जपून ठेवली नव्हती. टॉप्स कंपनीची १९५२ ची बेसबॉल कार्डं खपली नाहीत म्हणून पुढे त्यांची खोकी समुद्रात बुडवली, असं कंपनीचाच माणूस सांगायचा. त्या संचातलं मिकी मँटल या बेसबॉलपटूचं एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये एक कोटी सव्वीस लाख डॉलरला गेलं. हे ऐकून १९८०-९० च्या दशकात अमेरिकेत घरोघरी लोकांनी कार्डं साठवली, कंपन्यांनी वारेमाप छापली, आणि ती आज रद्दीच्या भावाने पडून आहेत. पोकेमॉनची मार्च २०२४ पर्यंत ६४ अब्जांहून जास्त कार्डं छापली गेलीत, हा कंपनीनेच दिलेला आकडा. त्यातलं आजचं बॉक्स ‘दुर्मिळ’ कसं होणार, हे त्या गटात कुणी विचारलं नाही. विचारणाऱ्याला ‘तुम्हाला मार्केट कळत नाही’ म्हणून गप्प केलं जायचं. मटका लावणारा निदान आकडा लावतोय हे कबूल तरी करतो.

शिवाय न फोडलेल्या बॉक्सची आणखी एक गंमत अशी, की आत काय आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही आणि फोडलं की किंमत गेली. लोगन पॉल या अमेरिकन यूट्यूबरने पस्तीस लाख डॉलर देऊन फर्स्ट एडिशनची पेटी घेतली होती. जानेवारी २०२२ मध्ये ती उघडली तर आत जी. आय. जो या खेळण्यातल्या सैनिकांची कार्डं निघाली. त्याची पेटी तज्ज्ञांनी तपासलेली होती. आपल्याकडे कार्डांचं पाकीट उघडून, आतलं चांगलं कार्ड काढून, पुन्हा चिकटवून विकणं तर फारच सोपं. जुन्या पाकिटांत वजन करूनही कळायचं, चमकणारं कार्ड असलेलं पाकीट किंचित जड भरायचं. वजनकाट्यावर हलकी ठरलेली पाकिटं मग ‘न फोडलेली’ म्हणून बाजारात यायची.

भाच्याला मात्र या सगळ्याचा काही त्रास झाला नाही. त्याचं कुणी काही लुबाडलं नाही, कारण त्याला लुबाडण्यासारखं काही नव्हतं. तो पाच-दहा रुपयांची कार्डं अदलाबदल करून घेतो, खेळून कोपरे दुमडतो, आणि त्याला हवं असलेलं कार्ड कुठलं हे त्याला पाठ असतं, किंमत नाही. भाईंचंही तसंच. त्यांच्या शिसवी कपाटातलं एक तिकीट सोळा-सतरा वर्षं शोधून मिळालेलं आहे, त्याला एका बाजूला दातरे नाहीत, विकायला गेलं तर फार काही येणार नाही. पण ते कुणी बदललं तर अंधारात हात फिरवून त्यांना कळेल.

मी त्या माणसाला फोन केला. आधी ‘असं कसं होईल, मीच फसलो असेन’, मग ‘मित्राशी बोलतो’, मग ‘स्लॅब तुम्ही बदलला नाही कशावरून?’ हा शेवटचा प्रश्न तुम्हालाही येणार. त्याला उत्तर माझ्याकडे नव्हतं, कारण घेताना मी स्लॅबचा जवळून फोटो काढला नव्हता. फोटो होता तो त्याचा आणि माझा, हसत, हातात कार्ड. नंतर नंबर बंद. कॅफेवाल्याला त्याचं पूर्ण नावही ठाऊक नव्हतं.

१९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन केला, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाकली आणि रायबंदरला सायबर पोलीस ठाण्यात जाऊन आलो. तिथल्या हवालदाराने स्लॅब हातात घेऊन दोनदा उलटासुलटा केला आणि विचारलं, “हे पंचावन्न हजार?” मग नीट लिहून घेतलं. यूपीआयचं खातं परराज्यातल्या माणसाचं निघालं, पैसे त्याच दिवशी पुढे गेले होते. १९३० चा उपयोग पहिल्या काही तासांत जास्त, पैसे खात्यात असतानाच ते गोठवता येतात. मला कळेपर्यंत दीड महिना उलटला होता.

तेच ब्लास्टॉइज, तोच क्रमांक, आणखी कुणाला विकला गेला असणार, असा माझा अंदाज आहे. नकली पेटी एकच कुणी बनवत नाही. तुमच्याकडे शिक्का आणि सावली दोन्ही असलेलं, मॅचँप सोडून पहिल्या संचातलं कुठलंही कार्ड आलं असेल, तर स्लॅब फोडू नका. दोन्ही बाजूंचे आणि चारही कडांचे फोटो काढा, यूपीआय व्यवहाराचा क्रमांक, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं आणि ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याचं नाव एकत्र ठेवा आणि तक्रार द्या. आपल्या तक्रारींत खात्यावरचं नाव एकच निघालं, तर एकट्याची तक्रार आणि चौघांची तक्रार यांत पोलिसांच्या कामालाही फरक पडतो.