स्पीकर निवडताना कानाची कसोटी: देवळातला पखवाज की ओळखीचं रेकॉर्डिंग?

पैठणला नाथषष्ठीत माईकशिवायचं भजन अगदी जवळून ऐकलं. पखवाजाच्या डाव्या पुडीवर, म्हणजे डाव्या बाजूच्या चामड्यावर, ओली कणीक थापलेली. थाप पडली की घुमारा छातीत उतरतो, आणि टाळ कितीही खणखणले तरी कानाला टोचत नाहीत. स्पीकर घेताना माझा पहिला कौल याच आठवणीला. पखवाज नुसता ‘धप्प’ वाजला, तर तो स्पीकर नकोच.

रोजच्या ऐकण्यातल्या रेकॉर्डिंगमध्ये माईक कुठे होता, मिक्सिंगमध्ये काय वाढवलं, हे आपल्याला कुठे माहीत असतं? पण दोन स्पीकरमधला बारीक फरक पकडायला तेच बरं. तोच तुकडा पुन्हा लावता येतो. आवाज मात्र दोन्हींचा सारखा ठेवा, नाहीतर मोठ्याने वाजणारा उगाच चांगला वाटतो.