जुना लॅपटॉप चालवायचा, वापरलेला घ्यायचा की नवाच आणायचा?

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून नियमित येणारे सुरक्षा अपडेट, संपला आणि नागपुरात घरोघरी एकच प्रश्न सुरू झाला. २०१६-१७च्या सुमारास घेतलेला लॅपटॉप अजून चालू आहे, पण चालताना दम खातो. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, दाखवायला नेला तर उत्तर ठरलेले: "याच्यात आता काही राहिलं नाही, नवीन घ्या." मला हे पटत नाही. ज्या घरात लॅपटॉपवर मुलांचा अभ्यास, बँकेची कामे, ऑनलाइन अर्ज आणि थोडे टायपिंग एवढेच होते, त्यांनी नवा लॅपटॉप घ्यायची बहुतेक वेळा गरज नसते. आणि दुकानातला सगळ्यात स्वस्त नवा तर घेऊच नये.

मात्र पर्याय निवडायच्या आधी समोरची मशीन नेमकी काय आहे ते कळायला हवे. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात अबाउट उघडा. इंटेलचा प्रोसेसर असेल तर आय५-७२००यू असे काहीतरी नाव दिसेल. रेघेनंतरचा ७ म्हणजे सातवी पिढी. आय५-८२५०यू असेल तर आठवी, ११३५जी७ असेल तर अकरावी. विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढे चालते. एएमडीच्या लॅपटॉपमध्ये रायझेन ३०००पासूनचे बहुतेक प्रोसेसर चालतात. मायक्रोसॉफ्टचे पीसी हेल्थ चेक हे मोफत ॲप टाकले की शंका उरत नाही. ते "नाही" म्हणाले तरी एकदा बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, डोकावा. विंडोज ११ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नुसती बंद ठेवलेली असते आणि चांगली मशीन नापास ठरते. इंटेलमध्ये ती पीटीटी आणि एएमडीमध्ये एफटीपीएम या नावाने सापडते. चालू केली की झाले.

आता टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये डिस्क बघा. तिथे एचडीडी, म्हणजे जुनी फिरणारी हार्ड डिस्क, लिहिलेले असेल आणि काही न करताही आकडा शंभर टक्क्यांवर चिकटलेला असेल, तर रोग सापडला.

एसएसडी टाकून तोच चालवणे

जुन्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेऱ्यांची असते. म्हणजे एका फेरीला साधारण ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती सुईखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी थांबायचे, शिवाय सुई सरकायला वेळ लागतो तो वेगळा. त्यामुळे सेकंदाला शंभरेक ठिकाणांपेक्षा जास्त जागा ती वाचू शकत नाही. विंडोज सुरू होताना मात्र हजारो छोट्या फाइल मागते. एसएसडीत माहिती चिपमध्ये साठते, फिरणारे काहीच नसल्याने तिथे हाच हिशेब सेकंदाला हजारोंच्या घरात जातो. प्रोसेसर तोच, स्क्रीन तीच, आणि तरी मशीन वेगळी वाटते ती यामुळेच. माझ्या मते संगणकावर एवढ्या कमी पैशात एवढा फरक पाडणारा दुसरा खर्च नाही.

सहाव्या-सातव्या पिढीच्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कच्याच जोडणीची) सरळ बसते. ती सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबते. आत एम.२ची (छोट्या पट्टीसारख्या एसएसडीची) जागा असेल तर एनव्हीएमई, म्हणजे त्याहून वेगवान एसएसडी, चालते का ते बघावे. पण ३००० एमबीचा आकडा दाखवून कोणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका. वर्डची फाइल आणि ब्राउझर उघडताना या दोन्हींतला फरक तुम्हाला जाणवणारही नाही.

रॅम ४ जीबी असेल तर ८ करा. इथे मात्र २०२५च्या अखेरीपासून अडचण झाली आहे. एआयच्या डेटा सेंटरांकडून मागणी एवढी वाढली की साध्या रॅमचेही भाव चढले. आदल्या वर्षी शेजाऱ्याने कितीला टाकली यावर हिशेब बांधू नका, दोन-तीन दुकानांत विचारा. दुरुस्तीवाल्यांकडे बंद पडलेल्या लॅपटॉपमधून काढलेली रॅम असते. रॅम सहसा खराब होत नाही, त्यामुळे तपासून आणि लेखी वॉरंटी घेऊन ती टाकायला हरकत नाही.

एसएसडी बदलली की विंडोजची नवी की विकत घ्यावी लागते, असे काही ठिकाणी सांगतात. तसे नाही. विंडोज १०चा डिजिटल परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो. तीच आवृत्ती पुन्हा टाकली आणि इंटरनेट जोडले की ती आपोआप ॲक्टिव्हेट होते. ॲक्टिव्हेटर (परवान्याशिवाय विंडोज चालू करणारे बेकायदा सॉफ्टवेअर) वापरून "ओरिजिनलसारखे" करून देतो म्हणणाऱ्याला स्पष्ट नाही म्हणा. ते चालवताना अँटीव्हायरस बंद करायला सांगतात, आणि त्याच मशीनवर उद्या तुम्ही बँकेचा पासवर्ड टाकणार असता.

लॅपटॉप उघडलाच आहे तर पंखा साफ करून घ्या. नागपुरात हे काम एसएसडीइतकेच महत्त्वाचे आहे. पंख्यामागे तांब्या-ॲल्युमिनियमच्या बारीक पात्या असतात आणि गरम हवा त्यांच्या फटींतून बाहेर जाते. ज्या घरात तीन महिने कुलर चालतो तिथल्या लॅपटॉपमध्ये ओलसर हवेने धूळ जमून या फटींवर नमद्यासारखा थर बसलेला असतो. चिमट्याने धरला तर सलग पट्टी निघते. बाहेरून ब्लोअर मारून हा थर निघत नाही, पंखा काढावाच लागतो. सोबत प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी, वाळलेली थर्मल पेस्ट बदलायला सांगा.

बहुतेक कंपन्या लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या खोलीत वापरा असे सांगतात. मे महिन्यात, नवतप्यात बाहेर ४५ अंश असताना दुपारची कुलर नसलेली खोली ती मर्यादा सहज ओलांडते. प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ गेला की स्वतःच वेग कमी करतो. "उन्हाळ्यात हँग होतो" ही तक्रार पुष्कळदा एवढ्यावरच मिटते. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, आणि कुलरच्या अगदी तोंडासमोरही नको. हवेबरोबर उडणारे थेंब कीबोर्डवर येतात.

पण विंडोज १०चे काय?

आठवी पिढी किंवा पुढची असेल तर प्रश्नच नाही. विंडोज ११ मोफत मिळते, टाकून घ्या.

सातवी किंवा त्याआधीची असेल तर तीन वाटा. पहिली वाट मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा अपडेटची. ग्राहकांसाठी तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ अशी जाहीर झाली आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप सुरू केला तर पैसे न भरता नोंदणी होते. ही सोय निर्णयाला वेळ मिळावा म्हणून आहे, कायमची नाही. तारीख उलटली म्हणून मशीन त्याच दिवशी बंद पडत नाही हेही खरे. विंडोज ७चा सपोर्ट जानेवारी २०२०मध्ये संपला, तरी क्रोम त्यावर २०२३च्या सुरुवातीपर्यंत अपडेट होत होता. तरीही सुरक्षा अपडेट न येणाऱ्या मशीनवर नेट बँकिंग करू नये, यावर मी ठाम आहे.

दुसरी वाट म्हणजे अट चुकवून विंडोज ११ टाकणे. दुरुस्तीवाले हे सर्रास करून देतात आणि ते चालतेही. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. घरच्या एकमेव लॅपटॉपवर मी हे करणार नाही.

तिसरी वाट लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. तिच्याबद्दल मला मनापासून आस्था आहे. परवाना विकत घ्यायचा नाही, पैसे नाहीत, ४ जीबी रॅममध्ये नीट चालते. मिंट २२ला २०२९पर्यंत अपडेट आहेत. पेनड्राइव्हवरून सुरू करून, आतल्या डिस्कला हात न लावता, वायफाय, आवाज, प्रिंटर सगळे चालते का ते आधी बघता येते. इन्स्क्रिप्ट कीबोर्डने मराठी टाइप करता येते, वर्ड-एक्सेलसारखी कामे करणारे लिबर ऑफिस सोबतच येते. दहावी-बारावीच्या मुलाला किंवा निवृत्त आईबाबांना बातम्या, यूट्यूब, बँक आणि ईमेल यासाठी आणखी काही लागत नाही.

पण मिंट कोणाला देऊ नये हेही सांगायला हवे. इतवारीतल्या दुकानाचा हिशेब टॅलीवर असेल तर विंडोजच ठेवा. महालात लग्नपत्रिका छापणाऱ्यांचे काम श्रीलिपी (मराठी फाँट) आणि कोरलड्रॉवर (डिझाइनचे सॉफ्टवेअर) चालते, त्यांनीही. सेवा केंद्र चालवत असाल, बोटांचे ठसे घेणारे यंत्र किंवा डिजिटल सिग्नेचरचे टोकन रोज लावावे लागत असेल, तर लिनक्सवर ड्रायव्हरची खटपट करण्यात गिऱ्हाईक ताटकळते. या कामांसाठी सातव्या पिढीची मशीन निवृत्त करून दुसरी घेणेच बरे.

दुसरी म्हणजे कोणती? स्वस्त नवी की चांगली वापरलेली?

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. शोरूममध्ये सगळ्यात खालच्या किमतीला मिळणाऱ्या नव्या लॅपटॉपमध्ये अनेकदा सेलेरॉन एन४०२० किंवा एन४५०० असतो. दोन कोअर, म्हणजे प्रोसेसरचे काम करणारे दोनच भाग. सोबत बोर्डावर पक्की बसवलेली ४ किंवा ८ जीबी रॅम, जी पुढे बदलता येत नाही. याउलट मोठ्या कंपन्यांमधून तीन-चार वर्षांनी बाहेर पडलेले ऑफिसचे लॅपटॉप बघा: थिंकपॅड टी४८०, लॅटिट्यूड ५४९०, एलिटबुक ८४० जी५. यांत आय५-८२५०यू किंवा त्याच्या जवळपासचा प्रोसेसर मिळतो, म्हणजे चार कोअर आणि आठ थ्रेड. रॅमच्या दोन जागा, मजबूत बिजागर, बोटाला आवडणारा कीबोर्ड. टी४८०ची मागची बॅटरी तर खिट्टी सरकवून हातानेच निघते. विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चालते. वीस-पंचवीस हजारांच्या आसपास असा लॅपटॉप मिळत असेल तर त्याच पैशातल्या सेलेरॉनकडे मी बघणारही नाही.

उणिवाही आहेत. कॅमेरा यथातथा असतो. बऱ्याच मॉडेलची स्क्रीन आजच्या मानाने फिकी असते, म्हणून दुकानातल्या दिव्यात नाही तर दाराशी उजेडात नेऊन बघा. वॉरंटी दुकानदाराची, काही महिन्यांची. आणि आठवी पिढी ही विंडोज ११ची सगळ्यात खालची पायरी आहे. पुढच्या विंडोजला ती चालेलच असे धरून चालू नका. चार-पाच वर्षे मिळाली तर व्यवहार चांगला झाला असे मी मानतो.

घेताना स्टिकरवर जाऊ नका. या तिन्ही मॉडेलांत सातव्या पिढीचेही लॅपटॉप आलेले आहेत, आणि वरचा स्टिकर बदलणे फार सोपे असते. प्रोसेसरचे नाव स्क्रीनवर बघा. दुकानदाराला विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढून दाखवायला सांगा. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता असे दोन आकडे शेजारी-शेजारी येतात. मूळ ५०,००० आणि आता २७,००० दिसले, तर बॅटरी निम्म्यावर आली आहे. नव्या बॅटरीची किंमत तिथल्या तिथे भावातून वजा करायला सांगा. बायोस उघडून त्याला आधीच्या कंपनीचा पासवर्ड नाही ना ते बघा. पासवर्ड असेल तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या. प्रत्येक की दाबा, प्रत्येक यूएसबीत पेनड्राइव्ह लावा. आणि सिरियल नंबर लिहिलेले जीएसटी बिल घ्या. वापरलेल्या वस्तूची मालकी सिद्ध करायला दुसरे काही हातात नसते.

लॅपटॉप घराबाहेर न्यायचाच नसेल तर याच मार्गाने आलेला छोटा ऑफिस डेस्कटॉप आणखी स्वस्त पडतो. पण त्याला यूपीएस लागतो. वादळी पावसात वीज गेली आणि अर्ज अर्धवट राहिला असे व्हायचे नसेल तर तो खर्च धरूनच तुलना करा.

नवा कोणी घ्यावा

इंजिनिअरिंगला जाणारा, ज्याला थ्रीडी डिझाइनची सॉफ्टवेअर चालवायची आहेत. व्हिडिओ एडिटिंगवर कमावणारा. किंवा ज्याचे काम एक दिवस बंद पडले तर नुकसान होते आणि ज्याला घरी येऊन दुरुस्ती करणारी कंपनीची सर्व्हिस हवी. त्यांनी निःशंक नवा घ्यावा. १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी आणि आयपीएस (बाजूनेही नीट दिसणारी) स्क्रीन यापेक्षा खाली येऊ नये. रॅमची एक तरी जागा मोकळी आहे का हे विचारावे. रॅमचे भाव असे चढलेले असताना आज १६ घेऊन पुढे वाढवण्याची सोय असणे फार उपयोगाचे आहे. घरातले मूल अजून अकरावीत असेल तर त्याच्या इंजिनिअरिंगसाठी आत्ताच महाग लॅपटॉप घेऊन ठेवू नका. शाखा ठरू द्या. सिव्हिलची गरज वेगळी आणि कॉम्प्युटरची वेगळी.

नव्यावर एक्स्चेंजची ऑफर असते. जुन्याचे तिथे फारसे काही येत नाही, आणि नुसते फॉरमॅट केलेल्या हार्ड डिस्कवरून आधार, पॅन, बँकेची स्टेटमेंट परत काढता येतात. म्हणून लॅपटॉप द्यायचाच असेल तर डिस्क काढून घ्या. शंभर-दोनशेच्या अडीच इंची यूएसबी केसमध्ये घातली की घरातले फोटो ठेवायला ती अजून उपयोगी पडते.