ऑटोडेस्क फ्यूजनचे कॅम: रफिंग उत्तम, फिनिशिंगला प्रोग्रॅमर जाणता हवा

साच्यांची आणि वक्र पृष्ठभागांच्या भागांची कामे घेणाऱ्या लहान टूलरूमसाठी ऑटोडेस्कचे फ्यूजन हे सॉफ्टवेअर विचारात घेण्याजोगा पर्याय आहे. डिझाइन आणि कॅम (मशीनवर कापण्याचा प्रोग्रॅम तयार करण्याचा भाग) एकाच फाइलमध्ये असल्यामुळे ग्राहकाने ऐनवेळी एखादी त्रिज्या बदलली, तरी बहुतेक टूलपाथ (टूलने कापत जायचे मार्ग) नव्याने रचावे न लागता फक्त पुन्हा जनरेट करावे लागतात.

त्याची खरी ताकद रफिंगमध्ये, म्हणजे जास्तीचे मटेरियल भराभर काढून टाकण्यात आहे. अ‍ॅडाप्टिव्ह क्लिअरिंग हे त्यातले तंत्र एचएसएमवर्क्स या डॅनिश कंपनीकडून आले असून ती कंपनी ऑटोडेस्कने 2012 मध्ये विकत घेतली. साध्या ऑफसेट टूलपाथमध्ये टूल कोपऱ्यात शिरले की त्यावरचा भार एकाएकी वाढतो, आवाज बदलतो आणि कार्बाइडची धार उडते. अ‍ॅडाप्टिव्हमध्ये आडवा काप (टूल बाजूने मटेरियलमध्ये किती शिरते ते) ठरवून दिलेल्या मर्यादेतच राहतो, त्यामुळे टूलच्या धारेची बरीचशी लांबी एकाच खोल कापात वापरता येते. पी-20 या साच्यांच्या पोलादात 12 मिमी एंडमिलला (बाजूने कापणाऱ्या दंडगोल टूलला) 1.2 मिमी आडवा आणि 24 मिमी खोल काप देणे यात शक्य होते. मात्र आडवा काप व्यासाच्या 10 टक्के असताना चिपची (निघणाऱ्या कीसाची) जाडी प्रतिदात फीडच्या (एका दातामागे टूल जितके पुढे सरकते त्याच्या) सुमारे 60 टक्केच भरते, आणि फीड त्या प्रमाणात वाढवले नाही तर धार कापण्याऐवजी घासत राहते. हा हिशेब प्रोग्रॅमरनेच करावा.

फिनिशिंगमध्ये, म्हणजे शेवटचा गुळगुळीत पृष्ठभाग काढताना, सॉफ्टवेअर इतके सांभाळून घेत नाही. 10 मिमी बॉलनोजने (गोल टोकाच्या टूलने) 0.3 मिमी स्टेपओव्हरचा (शेजारच्या दोन फेऱ्यांतल्या अंतराचा) पॅरलल, म्हणजे समांतर रेघांचा टूलपाथ दिला, तर सपाट भागावर उरणाऱ्या रेघांची उंची सव्वादोन मायक्रॉन असते. परंतु स्टेपओव्हर वरून मोजला जात असल्यामुळे 60 अंशांच्या उतारावर दोन रेघांतले अंतर दुप्पट होते आणि उंची चौपट, म्हणजे 9 मायक्रॉन होते, जे पॉलिशवाल्याला लगेच जाणवते. म्हणून उभ्या भागाला काँटूर (एकेका उंचीवर कडेने फिरणारा टूलपाथ) आणि उथळ भागाला पॅरलल किंवा स्कॅलप (पृष्ठभागावर सारखे अंतर राखणारा टूलपाथ) अशी कोनानुसार वाटणी करून दोहोंची हद्द थोडी एकमेकांवर चढवावी लागते. हे काम एकाच ऑपरेशनमध्ये करणारे ‘स्टीप अँड शॅलो’ वेगळे पैसे भरून घ्यायच्या एक्स्टेन्शनमध्ये आहे, ही साच्याचे काम करणाऱ्यांना खटकणारी बाब आहे.

सिम्युलेशनमध्ये कापलेला भाग मूळ डिझाइनशी ताडून दाखवणारे तुलनेचे रंग फार उपयोगी आहेत: उरलेले मटेरियल निळे दिसते आणि खोल गेलेली जागा लाल. होल्डर (टूल धरणारा भाग) आदळतो का हेही कळते, पण टूल लायब्ररीत भरलेला होल्डर आणि बाहेर ठेवलेली टूलची लांबी मशीनवर खरोखर लावलेल्या टूलशी जुळत असेल तरच. कित्येक ठिकाणी हीच माहिती भरायचा कंटाळा केला जातो.

पोस्ट प्रोसेसर (टूलपाथचे जी-कोडमध्ये, म्हणजे मशीनच्या भाषेत रूपांतर करणारे प्रोग्रॅम) जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले आणि उघडून बदलता येण्याजोगे आहेत, त्यामुळे फानुकसारख्या कंट्रोलरसाठी (मशीन चालवणाऱ्या संगणकासाठी) जी-कोडची सुरुवात आणि शेवट आपल्या पद्धतीने करून घेता येतो. बदललेल्या पोस्टचा पहिला प्रोग्रॅम जॉबच्या वर हवेत चालवून पाहावा. जुन्या कंट्रोलरवर बारीक टॉलरन्सचा थ्रीडी प्रोग्रॅम अडखळत असेल, तर स्मूदिंग चालू करावे. जिथे शक्य असेल तिथे छोट्या सरळ रेषांच्या जागी कंस येतात आणि प्रोग्रॅमच्या ओळी कमी होतात.

वैयक्तिक वापराची मोफत आवृत्ती उत्पादनासाठी नाही: तिच्यात रॅपिड (न कापता वेगाने जाण्याच्या) हालचाली फीडच्या वेगाने होतात आणि आपोआप टूल बदलणे बंद असते. शिकण्यापुरती ती पुरेशी आहे. तीन अक्षांच्या आणि ‘थ्री प्लस टू’ (दोन अक्ष आधी फिरवून पक्के करून तीन अक्षांनी कापण्याच्या) कामासाठी मूळ सशुल्क आवृत्ती घ्यावी. पाच अक्ष एकाच वेळी हलवण्याची कामे नियमित मिळत असतील तेव्हाच एक्स्टेन्शनचा खर्च करावा.