एमडीआर टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स (बीपालएम): घरचा अनुभव

रेटिंग: पाचपैकी साडेचार

धाकट्या भावाचा एमडीआर टीबीचा, म्हणजे नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचा, कोर्स नुकताच संपला. कफाचं कल्चर निगेटिव्ह आलं, म्हणजे कफात टीबीचे जंतू वाढले नाहीत. बीपालएम म्हणजे चार औषधं: बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड, मॉक्सिफ्लॉक्सासिन. सगळ्या तोंडाने घ्यायच्या गोळ्या, सुई एकही नाही, आणि सरकारी केंद्रातून फुकट. आमच्या आत्याने हाच आजार जुन्या औषधांवर काढला. दोन वर्षं गोळ्या, वर कित्येक महिने रोज कानामायसिनचं इंजेक्शन. टीबी गेला, सोबत कानही गेले. आजही तिच्याशी समोर बसून, ओठ दिसतील असंच बोलावं लागतं.

अर्धा तारा कापला तो लिनेझोलिडसाठी. भावाच्या तळपायांना मुंग्या यायच्या. पुढे पुढे चालताना चप्पल निसटून मागे राहायची आणि त्याला पत्ता नसायचा. डॉक्टरांना सांगताच त्यांनी ६०० मिलिग्रॅमचा डोस ३०० वर आणला, मग हळूहळू उतार पडला. हे औषध रक्तही कमी करतं, म्हणून सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) चुकवू नका. ईसीजीसुद्धा वेळेवर हवा. आमच्या केंद्रात एकदा मशीन बंद होतं, तेव्हा पदरच्या पैशाने बाहेरून काढून आणला. गोळ्या फुकट असताना तपासणीसाठी माणसाला खिसा चाचपायला लागू नये.

हा कोर्स कुठून आला तेही सांगायलाच हवं. एमडीआरचे रोगी बहुतेक गरीब, त्यांच्यावर कोण पैसा लावणार? प्रिटोमॅनिड 'टीबी अलायन्स' या ना-नफा संस्थेने देणग्या आणि सरकारी निधीवर तयार केलं; २०१९ मध्ये त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली. चारही औषधं एकत्र देण्याची मोठी चाचणी 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या वैद्यकीय मदत संस्थेने उझबेकिस्तान, बेलारूस आणि दक्षिण आफ्रिकेत घेतली. जुन्या उपचारात ५२ टक्के रोग्यांना गुण आला, नव्यात ८९ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की नवे रोगी घेणं आधीच थांबवलं. २०२२ च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली, २०२४ च्या सप्टेंबरात आपल्या सरकारने मान्यता दिली. चाचणीचा खर्च कुणी उचललाच नसता, तर भावालाही याहून बराच लांबलचक कोर्स घ्यावा लागला असता.

चौदा वर्षांखालची मुलं आणि गरोदर बायका मात्र या शिफारशीबाहेर आहेत. त्यांच्यासाठीच्या चाचण्यांना पैसा आता सरकारांनीच द्यायला हवा.