फक्त आयडलिंगला मिस होणारी जुनी कॅमॅरो: व्हॅक्यूम गेज, बॅलन्स टेस्ट की कॉम्प्रेशन?

१९६९ च्या शेव्हरोले कॅमॅरोमधील ३५० क्युबिक इंचांचे व्ही-८ इंजिन सिग्नलला उभे असताना मिस होते (म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये मिश्रण नीट पेटत नाही) आणि वेग घेतला की एकसारखे चालू लागते, तेव्हा बहुतेक मालक आधी ठिणगी देणारे प्लग, त्यांच्या लीड (तारा), डिस्ट्रिब्यूटरची कॅप, रोटर आणि पॉइंट एकदमच बदलून टाकतात. या खरेदीत पैसे जातात हे खरे, पण त्याहून मोठे नुकसान असे की जुन्या प्लगांच्या टोकांवर दिसणारा पुरावाही त्यांच्याबरोबर निघून जातो. इंजिन का मिस होते हे विचारण्याआधी कोणता सिलिंडर मिस होतो हे विचारावे, असे माझे ठाम मत आहे. म्हणून पुढे ज्या चाचण्यांची तुलना केली आहे, ती त्यांतली प्रत्येक चाचणी या प्रश्नाचे उत्तर कितपत देते, या कसोटीवर केली आहे.

दोष केवळ आयडलिंगला दिसतो, ही स्वतःच एक महत्त्वाची खूण आहे. थ्रॉटल जवळजवळ बंद असताना मॅनिफोल्डमधील (सिलिंडरांना मिश्रण वाटणाऱ्या नळ्यांमधील) व्हॅक्यूम जास्त असतो आणि आत जाणारे मिश्रण थोडे असते. त्यामुळे एखाद्या तडकलेल्या होजमधून शिरणारी जास्तीची हवा तेथे लगेच जाणवते, आणि थ्रॉटल उघडल्यावर तेवढ्याच हवेचा परिणाम नगण्य ठरतो. कमकुवत कॉइल मात्र सहसा उलट वागते, कारण चढावर किंवा जोरात पळवताना सिलिंडरमधील दाब वाढतो आणि ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागते. म्हणून या तक्रारीत माझा पहिला संशय गळक्या व्हॅक्यूमवर, कार्बोरेटरच्या आयडल मार्गावर आणि नीट न बसणाऱ्या व्हॉल्व्हवर जातो, जरी एखादा काजळलेला प्लग किंवा मृत लीड यातून सुटत नसली तरी.

व्हॅक्यूम गेज हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी वेळ घेणारे साधन आहे. ते मॅनिफोल्डच्या थेट व्हॅक्यूमला जोडावे, थ्रॉटल प्लेटच्या वरच्या पोर्टला नव्हे. मूळ कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) असलेले निरोगी इंजिन समुद्रसपाटीजवळ १७ ते २१ इंच पारा दाखवते आणि काटा स्थिर राहतो. उंचीबरोबर हे वाचन दर हजार फुटांना साधारण एक इंचाने उतरते, त्यामुळे डेन्व्हरमधील मालकाला १४ इंच दिसल्यास घाबरण्याचे कारण नाही. काटा ठरावीक लयीत खाली झटका देत असेल तर एखादा सिलिंडर किंवा व्हॉल्व्ह दोषी असतो. आयडलिंगला थरथरणारा काटा वेग वाढवल्यावर स्थिरावत असेल तर झिजलेल्या व्हॉल्व्ह गाइडचा, आणि वेगाबरोबर थरथर वाढत असेल तर थकलेल्या स्प्रिंगचा संशय घ्यावा. काटा स्थिर पण खाली असेल तर मागे पडलेले टायमिंग किंवा मोठी गळती तपासावी. मात्र हे साधन दोषी सिलिंडरचा क्रमांक सांगत नाही. शिवाय आधीच्या मालकाने जास्त ओव्हरलॅपचा, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी जास्त काळ उघडे ठेवणारा कॅमशाफ्ट बसवला असेल, तर १० ते १४ इंच आणि हलता काटा हीच त्या इंजिनाची प्रकृती असते, आणि ती बिघाड समजून सुधारत बसणे व्यर्थ आहे.

बॅलन्स टेस्ट, म्हणजे एकेक सिलिंडर बंद करून आरपीएम किती उतरतात हे पाहणे, ही माझी पहिली पसंती आहे. ज्या सिलिंडरची लीड काढल्यावर काहीच फरक पडत नाही, तो आधीच काम करत नव्हता. इन्सुलेटेड पक्कड वापरावी आणि काढलेली लीड इंजिनाच्या धातूला जोडून ग्राउंड करावी. १९७५ पासून जनरल मोटर्सच्या गाड्यांत सर्रास आलेली एचईआय, म्हणजे पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल वापरणारी इग्निशन मागाहून बसवलेली असेल, तर हे न करता लीड उघडी सोडल्यास मॉड्यूल जळू शकते.

या चाचणीचे खरे मोल निकालांच्या आकृतीत आहे. या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-८-४-३-६-५-७-२ असा आहे आणि मूळ मॅनिफोल्ड दोन मजल्यांचा आहे. त्यामुळे रोचेस्टर क्वाड्राजेट कार्बोरेटरची एक बाजू १, ४, ६ आणि ७ या सिलिंडरांना, तर दुसरी २, ३, ५ आणि ८ यांना मिश्रण पुरवते. अशक्त सिलिंडर याच दोन गटांपैकी एकात सापडले, तर इंजिन उघडण्याचा विचार सोडून त्या बाजूची आयडल ट्यूब, मार्ग आणि मिक्श्चर स्क्रू साफ करावा. (एकाच पोकळीचा बाजारातील मॅनिफोल्ड बसवला असेल तर हा नियम लागू होत नाही.) ५ आणि ७ हे दोन्ही मृत असतील तर आधी लीड पाहाव्यात, कारण हे सिलिंडर शेजारी आहेत आणि लागोपाठ पेटतात. त्यांच्या लीडची अदलाबदल झाली असेल किंवा त्या एकमेकींना चिकटून समांतर जात असतील तर तेथेच उत्तर मिळते. तसे नसेल तर या दोघांमधल्या हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. एकच सिलिंडर मृत असेल तर त्याचा प्लग शेजाऱ्याशी बदलून पाहावा आणि दोष प्लगबरोबर सरकतो का ते नोंदवावे.

येथे पॉइंटचीही तपासणी करून टाकावी. पद्मिनी किंवा अॅम्बॅसेडर हाताळलेल्या वाचकांना पॉइंट आणि कंडेन्सर नवे नाहीत. येथे ड्वेल (पॉइंट बंद राहतात तो कोन) २८ ते ३२ अंशांत असावा, आणि वेग बदलल्यावर तो मोठ्या प्रमाणात हलत असेल तर डिस्ट्रिब्यूटरचा बुश झिजलेला आहे.

गळती शोधायला कार्ब क्लीनरचा फवारा आणि प्रोपेन हे दोन पर्याय आहेत. तापलेल्या एक्झॉस्टवर फवारा पेट घेऊ शकतो, म्हणून मी नळीतून हळू सोडलेल्या प्रोपेनच्या बाजूने आहे. तोही ज्वलनशील आहे, पण नेमक्या जागी देता येतो. इनटेक गॅस्केट खालून, लिफ्टरच्या दरीकडे (दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांमधील खोलगट भागाकडे) गळत असेल तर मात्र दोन्ही उपाय निकामी ठरतात. अशा वेळी पीसीव्ही (क्रँककेसमधील वायू इनटेककडे नेणारा व्हॉल्व्ह) आणि ब्रीदर बंद करून डिपस्टिकच्या नळीवर ओढ जाणवते का ते पाहावे.

बॅलन्स टेस्टने एखाद्या सिलिंडरकडे बोट दाखवले आणि त्याची ठिणगी चांगली असली, तरच कॉम्प्रेशन गेज बाहेर काढावे. सर्व प्लग काढून, कॉइल सोडवून आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून मोजावे. सर्वांत कमी वाचन सर्वाधिक वाचनाच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी नसावे. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकल्यावर दाब वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट, एवढेच ही चाचणी सांगते. लीक-डाउन टेस्टला, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून ती कोठून निसटते हे पाहण्याला, कंप्रेसर लागतो आणि पिस्टन अचूक टीडीसीवर (सर्वांत वरच्या स्थितीत) आणावा लागतो, पण ती नेमकी जागा दाखवते: हवा कार्बोरेटरमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, तेलाच्या तोंडातून आली तर रिंग आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. हेड उतरवण्याचा निर्णय घ्यायचा असेल, तर केवळ कॉम्प्रेशनच्या आकड्यांवर तो घेऊ नये.

लीक-डाउनलाही एक दोष दिसत नाही. चाचणीच्या वेळी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, त्यामुळे फ्लॅट टॅपेट (सपाट तळाच्या लिफ्टरच्या) कॅमशाफ्टचा लोब, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणारा उंचवटा, झिजून व्हॉल्व्ह पुरेसा उघडतच नसेल, तर आकडे निर्दोष येतात आणि सिलिंडर तरीही अशक्त राहतो. कार्बोरेटरमधून पॉप असा आवाज येत असेल तर व्हॉल्व्ह कव्हर काढावे, पुशरॉडवर डायल इंडिकेटर लावून आठही इनटेक आणि आठही एक्झॉस्टची उचल आपापसांत ताडून पाहावी, आणि एखादी उचल स्पष्टपणे कमी आली तर कॅमशाफ्ट व लिफ्टर एकत्रच बदलावेत.